पोटातल्या आवाजांवरून निदान होतं का?

प्रश्न : वडिलांना सतत पोटफुगीचा त्रास होतो. डिजिटल स्टेथोस्कोपने पोटातली गुडगुड रेकॉर्ड केली. पण एकदा भरपूर आवाज, तर एकदा जवळजवळ शांतता. यंत्र बिघडलंय का? यावरून निदान होईल का?

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे. रिकाम्या पोटी आतड्यांच्या हालचालींचं चक्र साधारण दीड ते दोन तासांचं असतं आणि त्यातला बराच काळ शांततेचा. म्हणून मिनिटभराचं रेकॉर्डिंग हमखास फसवतं. सलग दोन तास नोंद घ्या, शेवटचं जेवण कधी झालं तेही लिहा.

वडिलांना उताणं झोपवा. स्टेथोस्कोपची चकती नाभीच्या उजवीकडे, जरा खाली, उघड्या त्वचेवर चिकटपट्टीने बसवा. हाताने धरलीत की बोटांची थरथर आणि कपड्याची घासणही गुडगुडीसारखीच उमटते. आधी पोट दाबू नका. आतड्यांचे आवाज मुख्यतः १०० ते १००० हर्ट्झमध्ये असतात; हृदयासाठीचा मोड त्यातला वरचा भाग कापतो, तो टाळा. मोबाइलचं नॉइज कॅन्सलेशनही (आसपासचा गोंगाट गाळण्याची सोय) बंद ठेवा आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये (WAV, म्हणजे आवाज काटछाट न करता साठवणारा फाइलचा प्रकार) साठवा.

निदान मात्र निव्वळ आवाजावर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतड्यात अडथळा असला की सुरुवातीला तीव्र, टिणटिणणारे आवाज येतात. पुढे आतडं थकलं की तेच पोट गप्प होतं. खात्री एक्स-रे किंवा सीटी स्कॅननेच होते. उलट्या, ताठ फुगलेलं पोट आणि गॅस न सरणं ही लक्षणं दिसली तर रेकॉर्डिंग करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.