आधी जिना मोज, मग बाबागाडी घे

तू लिहिलंस की नवऱ्याला लंडनमध्ये नोकरी मिळालीय, वेम्बली पार्क स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने ठरलाय, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जानेवारीत तू सात महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्याहून निघणार आहेस. कार सीटसकट येणारी एक मोठी बाबागाडी तुला तिथल्या दुकानात आवडलीय. ती घेऊन यावी का, आणि नाही तर इथे लंडनमध्ये कोणती घ्यावी, असा तुझा प्रश्न. ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच आणि मोकळेपणाने लिहिते.

ती मोठी गाडी घेऊ नकोस. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. तुझ्या जिन्याला आणि इथल्या बसला ती जमणार नाही म्हणून. आपण गाडी निवडताना बाळाचा विचार करतो: मऊ गादी, रुंद सीट, मोठी चाकं. बाळाला यातलं बहुतेक सगळं चालतं. गाडी उचलायची, मिटायची आणि ठेवायची असते आईला, आणि तीही बहुतेक वेळा एकटीला.

जिन्यापासूनच सुरुवात करते. तुझी लेक आता साधारण आठ किलोंची असेल. कार सीट बसवता येणाऱ्या मोठ्या गाडीचं वजन दहा ते पंधरा किलो असतं. त्यात दूध, भाजी आणि डायपरची पिशवी. दुपारी तू एकटी बाहेरून आलीस, लेक गाडीतच झोपलीय, वर चढायला पंधरा-सोळा पायऱ्या आहेत. आधी तिला वर नेलंस तर गाडी खाली दारात राहते, आधी गाडी नेलीस तर ती खाली एकटी राहते. पुण्यात अशा वेळी वॉचमनकाका असतात, शेजारच्या काकू असतात, घरात कोणीतरी असतं. इथे शेजारी चांगले असतात, पण दुपारी दोनला ते कामावर असतात. गाडी खालच्या सामाईक पॅसेजमध्ये ठेवू, असं मनात असेल तर करारपत्र आधी नीट वाच. आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी राहावी म्हणून बऱ्याच इमारतींत तिथे काहीही ठेवायला मनाई असते आणि ठेवलेल्या वस्तू उचलून नेतात. नियम रास्तच आहे.

म्हणून तुझ्यासाठी सहा-सात किलोंची, एका हाताने मिटणारी आणि खांद्याला पट्ट्याने अडकवता येणारी गाडी. लेक कडेवर, गाडी खांद्यावर, एकाच खेपेत वर.

वजनाने हलक्या गाड्यांचे दोन प्रकार मिळतात. पहिला छत्रीसारखा लांबट मिटणारा, दोन वेगळ्या मुठींचा. तो इथलाच शोध आहे. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले ओवेन मॅक्लारेन यांनी 1965 मध्ये ॲल्युमिनियमची घडीची गाडी तयार केली. परदेशातून आलेल्या मुलीचे जड गाडीपायी होणारे हाल बघून त्यांना ती सुचली, असं सांगतात. या गाड्या स्वस्त असतात, पण दोन मुठींमुळे एका हाताने ढकलता येत नाहीत आणि स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांची पाठ पूर्ण मागे जात नाही. दुसरा प्रकार चौकोनी, छोट्या बॅगेएवढा मिटणारा, एकच सलग दांडा असलेला. योयो (आधी बेबीझेन कंपनीची, आता स्टोकेची) या प्रकारातली सगळ्यांना माहीत असलेली. तिच्यासारख्या निम्म्या किमतीच्याही मिळतात. तू दुसरा प्रकार घे. एका हातात फोन, किल्ली किंवा मोठ्या पोराचा हात असणं रोजचंच आहे. सलग दांडा नसेल तर गाडी सारखी एका बाजूला वळत राहते.

लेक नुकती बसायला लागली असेल, पण बाहेर ती तासन्‌तास झोपणार. त्यामुळे पाठ जवळजवळ आडवी होणारी सीट हवीच. पाच टोकांचा पट्टा, म्हणजे दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणारा, हाही हवाच. वजनाची मर्यादा लेबलवर वाच. इथल्या बाबागाड्यांसाठीच्या बीएस ईएन 1888 मानकाचा पहिला भाग 15 किलोंपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा 22 किलोंपर्यंत. 22 वाली घे. भारतातून आलेल्यांना वाटतं की दीड वर्षाची झाली की चालेलच ती. पण इथे रोज चालायचं अंतर फार असतं. तीन-साडेतीन वर्षांची मुलं संध्याकाळी दमून गाडीत बसलेली तुला सगळीकडे दिसतील.

आता बस. लंडनच्या बसमध्ये मधल्या दारासमोर एक मोकळी जागा असते. ती व्हीलचेअरसाठी राखलेली आहे. रिकामी असेल तेव्हा सहसा दोन बाबागाड्या न मिटता तिथे उभ्या राहतात. व्हीलचेअरवरची व्यक्ती चढली की आपण गाडी मिटायची किंवा जागा करून द्यायची. तिथे आधीच दोन गाड्या असतील तर चालक तुला पुढच्या बसने या म्हणेल. गाडी क्षणात मिटत असेल तर तीच बस मिळते.

हे मी जरा आग्रहाने सांगते, कारण आपल्यातल्या काही जणी त्या जागेवरून वाद घालताना मी पाहिल्यात आणि मला ते मनापासून खटकतं. 2012 मध्ये डग पॉली नावाचे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जायला निघाले होते. बसमधल्या त्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, त्यात बाळ झोपलं होतं. चालकाने विनंती केली, तिने नकार दिला, आणि पॉली यांना ती बस सोडावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2017 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की चालकाने नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही; नकार अवाजवी असेल तर त्याने पुढे काहीतरी करायला हवं, वेळ पडली तर बस थोडा वेळ थांबवूनही ठेवावी. आपल्याकडे बाळाला उचलून घेण्याचा पर्याय असतो. त्या माणसाकडे नसतो. मिटायला दोन हात आणि एक पाय लागणारी गाडी असेल तर झोपलेलं बाळ, पिशवी आणि ती गाडी घेऊन भर बसमध्ये तुला अवघड जाईल. एका हाताने मिटणारी घे म्हणते, त्यामागे जिन्याइतकंच हेही कारण आहे.

भुयारी रेल्वेत तू नशीबवान आहेस. वेम्बली पार्कला लिफ्ट आहेत, आणि तिथून जाणाऱ्या जुबिली लाइनवर 1999 मध्ये वाढवलेला टप्पा, म्हणजे वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतची सगळी स्टेशनं, लिफ्टची आहेत. वॉटर्लू, लंडन ब्रिज, कॅनरी वॉर्फ त्यातच आली. ग्रीन पार्क आणि बाँड स्ट्रीटलाही लिफ्ट आहेत. एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर या पूर्व लंडनमधल्या हलक्या रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं. मात्र बेकर स्ट्रीट 1863 मधलं, जगातल्या पहिल्या भुयारी मार्गावरचं स्टेशन. तिथे पायऱ्याच पायऱ्या. ऑक्सफर्ड सर्कस, लेस्टर स्क्वेअर आणि पिकॅडिली सर्कसलाही रस्त्यापासून डब्यापर्यंत लिफ्ट नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटला जायचं तर बाँड स्ट्रीट किंवा टॉटनहॅम कोर्ट रोडला उतर. नकाशावर व्हीलचेअरची खूण बघायची: निळ्या गोलात पांढरी असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही, पांढऱ्या गोलात निळी असेल तर फलाटापर्यंत नाही, पण डब्यात चढताना फट किंवा उंची असू शकते. फलाटावर बाबागाडी रुळांना समांतर उभी कर आणि ब्रेक लाव, दोन मिनिटांसाठी असली तरी. काही फलाट उतरते असतात आणि येणाऱ्या रेल्वेबरोबर वाराही जोरात येतो.

हवामानाचं म्हणशील तर प्लास्टिकचं पाऊस-आवरण गाडीसोबतच माग आणि ते त्याच मॉडेलचं आहे ना हे बघ. ढकलताना छत्री धरता येत नाही, त्यामुळे तुझ्यासाठी टोपीचं जॅकेट. आवरण पावसापुरतंच, दुकानात किंवा बसमध्ये शिरलीस की लगेच काढ, आत हवा कोंडते. थंडीसाठी सीटवर बसवायची पायपिशवी मिळते, त्यात कमरेखालचं बाळ उबदार राहतं. जानेवारीत दहा कपड्यांत गुंडाळायचा मोह होईल. पण इथे बस, दुकानं, घरं सगळी आतून गरम असतात, आणि घामेजलेलं बाळ बाहेर आलं की गारठतं. मानेमागे हात घालून बघ. तिथे घाम असेल तर एक थर कमी कर. उन्हाळ्यात मात्र आपली एक सवय सोडावी लागेल: गाडीवर दुपटं किंवा ओढणी पसरून टाकायची. पातळ कापडानेही आतली हवा खेळत नाही आणि गरमी झपाट्याने वाढते. वरचं छत मोठं असलेली गाडी घे, किंवा वरून छोटी छत्री लाव. डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून गाडीला चमकणारी पट्टी लावून घे.

छोट्या चाकांची अडचण खरी आहे, ती लपवत नाही. ओली पानं, गवत, चिखल यांत ती अडकतात. फ्रायंट कंट्री पार्क तुझ्या घराजवळ आहे, सुंदर आहे, पण हिवाळ्यात तिथे गाडी नेऊ नकोस. लेकीला अंगावर बांधायच्या कॅरिअरमध्ये घे. कॅरिअर मात्र पुण्याहूनच घेऊन ये, पहिल्याच दिवसापासून लागेल. वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर भाजीला जाशील तेव्हाही त्याचाच उपयोग. फुटपाथवर माल मांडलेला असतो आणि शनिवारी गर्दीत गाडी पुढे सरकत नाही. डॉलिस हिलला आपल्या महाराष्ट्र मंडळात, ते 1932 पासूनचं आहे, गणपतीला येशीलच. तिथल्या गर्दीतही मिटून कोपऱ्यात उभी राहणारी गाडी सोयीची.

मोठ्या गाडीबरोबर येणाऱ्या कार सीटमुळे ती घ्यावीशी वाटतेय, म्हणून त्याबद्दल. तुम्ही लगेच मोटार घेणार नाही म्हणतेस. मग त्या सीटचे पैसे वाया जातील. शिवाय उचलून नेता येणारी लहान बाळाची सीट तुझ्या लेकीला काही महिन्यांतच अपुरी पडेल, आणि बाळाला तासन्‌तास त्या सीटमध्ये ठेवणं बरंही नसतं. फिरायला पाठ आडवी होणारी जागाच हवी. इथे मोटारीत फक्त आर44 किंवा आर129 या सुरक्षा मानकांच्या मान्यतेची, लेबलावर गोलात मोठं ई असलेली सीट चालते. ते लेबल नसेल तर आणून उपयोग नाही. टॅक्सी किंवा मिनिकॅबमध्ये चालकाकडे सीट नसेल तर तीन वर्षांखालच्या बाळाला मागच्या सीटवर तशीच नेण्याची कायद्याने मुभा आहे, पण विमानतळावरून येताना तरी सीटसकट टॅक्सी आधी सांगून ठेव.

पैशांचं सांगते. बाबागाडी जुनी घ्यायला अजिबात कचरू नकोस. इथे ती रीत आहे. 1956 पासून काम करणारी एनसीटी ही पालकांची संस्था ठिकठिकाणी लहान मुलांच्या जुन्या सामानाची विक्री भरवते, धर्मादाय दुकानांत गाड्या मिळतात, आणि आपल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप गटातही सारख्या निघतात. घेताना तीन-चार वेळा उघड-मीट कर, ब्रेक लावून उतारावर ढकलून बघ, पट्ट्याची कडी घट्ट बसते का बघ, आणि बिजागरी नीट न्याहाळ. 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनने सुमारे 10 लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उघडताना बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. नंतर त्यांनी बिजागरीवर बसवायची आवरणं दिली. जुनी गाडी घेशील तर ती आवरणं आहेत का बघ, आणि कुठलीही गाडी उघड-मीट करताना लेक हाताच्या अंतरावर नसेल याची काळजी घे. कार सीट मात्र जुनी कधीच घेऊ नकोस. तिने अपघात सोसलाय का ते बाहेरून कळत नाही. आणि दांड्याला जड पिशव्या अडकवू नकोस. हलकी गाडी बाळासकट मागे उलटते. सामान खालच्या टोपलीत.

प्रवासाचं राहिलं. तान्ह्या बाळासाठी एक मिटणारी गाडी बहुतेक विमान कंपन्या फुकट नेतात. विमानाच्या दारापर्यंत ती वापरता येते का आणि हीथ्रोला दारात परत मिळते की सामानाच्या पट्ट्यावर, हे आधी फोन करून विचार. तुझ्याकडे साधी हलकी गाडी असेल तर तीच आण आणि पहिला महिना तिच्यावर काढ. नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नकोस, कॅरिअर पुरेल.

नवरा आधी येतोय ना? त्याला चार मापं घ्यायला सांग: बाहेरच्या दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा, घरात दाराशेजारी गाडी उभी राहील तो कोपरा, आणि एकूण पायऱ्या. जिन्याचा एक फोटोही काढू दे. ते मला पाठव, म्हणजे तू यायच्या आत आमच्या गटात तशी गाडी कोणाकडे आहे का ते मी विचारून ठेवते.