मोबाइल ओळखणाऱ्या प्रोजेक्टवर करिअर होईल का?

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून बाजार समितीतले भाव दाखवणारी वेबसाइट केली. मोबाइल कोणता आहे हे ओळखून ती साधं किंवा पूर्ण पान पाठवते. सर म्हणतात, हे तंत्र जुनं झालं. घरचे म्हणतात, पुण्यात क्लास लावून रिॲक्ट (वेबसाइट बनवण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिक. मला याच विषयात पुढे जायचंय. जाऊ का? – एक विद्यार्थिनी, संगमनेर तालुका

उत्तर : तुझे सर निम्मे बरोबर आहेत. जुनी झालीय ती तू वापरलेली पद्धत. प्रश्न अजून ताजाच आहे.

तू पाठवलेला कोड पाहिला. ब्राउझरच्या यूजर-एजंटमध्ये, म्हणजे पान मागताना ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत, ‘अँड्रॉइड’ सापडलं की तू पूर्ण पान देतेस, आणि त्यानंतर ‘कायओएस’ (जिओफोनसारख्या बटणांच्या फोनची ऑपरेटिंग सिस्टिम) शोधतेस. पण जिओफोनच्या यूजर-एजंटमध्ये ‘कायओएस’सोबत ‘अँड्रॉइड’ हा शब्दही येतो. म्हणजे ज्याच्यासाठी साधं पान केलंस, त्याच फोनला ते मिळत नाही. अटींचा क्रम बदलून आजचं भागेल, पण या ओळीवर फार विसंबू नकोस. नव्वदच्या दशकात काही सर्व्हर फ्रेम्स (एका पानात अनेक चौकटी) असलेली पानं फक्त नेटस्केप या ब्राउझरला द्यायचे. नेटस्केप या ओळीत स्वतःला ‘मोझिला’ म्हणायचा, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला ‘मोझिला’ म्हणवू लागला. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझर ‘मोझिला/5.0’ असंच म्हणतो. 2019 पासून आयपॅडवरचा सफारी स्वतःला मॅक म्हणवतो. 2023 पासून अँड्रॉइडवरचा क्रोम कोणत्याही फोनवर ‘अँड्रॉइड 10’ आणि मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’ लिहितो. तू कोडमध्ये केलेल्या फोनच्या यादीतले रेडमी आणि सॅमसंगचे सगळे मॉडेल तिथे एकच होतात.

फोनची अशी यादी करण्याची पद्धत चुकीच्या काळात जन्मली असं मात्र नाही. वॅपच्या, म्हणजे साध्या फोनवर चालणाऱ्या सुरुवातीच्या इंटरनेटच्या दिवसांत प्रत्येक कंपनीच्या फोनचा पडदा वेगळा आणि चालणारे टॅगही वेगळे. तेव्हा लुका पस्सानी आणि आंद्रेआ त्रासात्ती यांनी ‘वर्फल’ सुरू केलं. कोणत्या फोनला काय जमतं याची ती भलीमोठी एक्सएमएल फाइल. 2010 मध्ये ईथन मार्कॉटने रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली आणि बहुतेक साइट्सना एकच पान सगळ्या पडद्यांवर बसवता येऊ लागलं. फोन ओळखण्याची गरज जाहिराती आणि ॲनालिटिक्सच्या कंपन्यांना आजही असते, पण त्यासाठी त्या तयार डेटा विकत घेतात. तो डेटा बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. त्यामुळे नुसत्या ‘डिव्हाइस डिटेक्शन’च्या भरवशावर नोकरी शोधू नकोस.

मग काय शीक? फीचर डिटेक्शन, म्हणजे फोनचं नाव न बघता ब्राउझरला एखादी गोष्ट जमते का ते थेट तपासणं. आडनावावरून माणसाला पोहता येतं की नाही ते कळत नाही. त्यालाच विचारावं लागतं. ब्राउझरचंही तसंच. 2017 मध्ये आलेल्या जिओफोनचा पडदा 240 बाय 320 पिक्सेलचा, आणि ब्राउझरचं इंजिन फायरफॉक्स 48 चं. सीएसएस ग्रिड (पान ओळी-रकान्यांत मांडायची सोय) फायरफॉक्समध्ये आलं 52 व्या आवृत्तीत. तुझा भावांचा तक्ता ग्रिडवर उभा आहे, म्हणून तो तिथे विस्कटतो. आधी साधी मांडणी लिही आणि ग्रिडचे नियम ‘@सपोर्ट्स’ या सीएसएसच्या अटीच्या आत टाक. ज्याला ग्रिड कळतं तो घेईल, ज्याला कळत नाही तो सोडून देईल. नवं जावास्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ म्हणून दे, जुने ब्राउझर ते वाचतच नाहीत. आणि भाव सर्व्हरवरूनच एचटीएमएलमध्ये भरून पाठव. ऑपेरा मिनी जास्त डेटा वाचवण्याच्या मोडमध्ये पान आपल्या सर्व्हरवर तयार करून धाडतो, तिथे नंतर चालणाऱ्या स्क्रिप्टवर भरवसा ठेवता येत नाही.

सर्व्हरकडून वेगळं पान द्यायचंच असेल, तर फोनवर डेटा सेव्हर चालू असताना क्रोम ‘सेव्ह-डेटा’ हा हेडर (पानाच्या मागणीसोबत जाणारी सूचना) पाठवतो, तो वाच. क्लायंट हिंट्स, म्हणजे ब्राउझर आपल्याबद्दल वेगळ्या हेडरमध्ये देतो ती माहिती, हीही बघ, पण सफारी आणि फायरफॉक्स त्या पाठवत नाहीत, तेव्हा त्यांच्याशिवायही पान नीट उघडलं पाहिजे. आणि कोणत्या हेडरनुसार पान बदलतं हे सांगणारा ‘व्हॅरी’ हेडर विसरू नकोस, नाहीतर मधला कॅशे (पानांच्या प्रती साठवणारा सर्व्हर) एकाचं पान दुसऱ्याला देतो. व्हायव्हाला हा प्रश्न आला तर मला नवल वाटणार नाही.

हे सगळं ज्या नोकरीत लागतं तिचं नाव फ्रंटएंड डेव्हलपर, म्हणजे वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग बनवणारा. कुठे वेब परफॉर्मन्स, कुठे कम्पॅटिबिलिटी टेस्टिंग. मुलाखतीला येणाऱ्या फ्रेशर्सपैकी बरेच जण ट्यूटोरियल बघून केलेलं तेच ते टू-डू ॲप दाखवतात. तुझ्याकडे खरा प्रश्न आहे. जुन्या फोनवर पान आधी किती केबीचं होतं, आता किती, हे मोजून रेझ्युमेमध्ये दोन ओळींत लिही.

रिॲक्ट शिकायलाच हवं, जाहिरातींत ते मागतात. पण पहिले दोन-तीन महिने एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट पक्कं कर. एमडीएन (वेब तंत्रज्ञानाची माहिती देणारी मोझिलाची साइट) आणि रिॲक्टचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन दोन्ही फुकट आहेत. इंग्रजी जड जाईल, तरी रोज एक पान वाच. त्यानंतरही क्लास हवासा वाटला तर आधीच्या बॅचच्या दोन मुलांशी स्वतः बोल, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे नेमकं काय ते लेखी माग. वडिलांना सांग, फी कर्ज काढून भरू नका.

एमसीएचा विचार असेल तर सीईटीचा अर्ज याच वर्षी भर. नोकरी लागली तर प्रवेश घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरव.