लीड्समध्ये मोगरा आणि जास्वंद जगतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच पुण्याहून इंग्लंडमध्ये लीड्सला आलात, आई राहायला येणार आहेत, त्यांना दारात मोगरा हवाय आणि गणपतीला लाल जास्वंद. इथल्या थंडीत हे जमेल, की नाद सोडावा?

नाद सोडू नका, 'दारात' एवढा शब्द मात्र सोडा. ही दोन्ही झाडं इथे कायमची कुंडीतली. उन्हाळ्यात अंगणात, हिवाळ्यात घरात. मी लीड्सच्याच यॉर्कशर परगण्यात 14 वर्षं आहे आणि आतापर्यंत तीन मोगरे मारलेत, तेव्हा सल्ला द्यायचा थोडाफार हक्क मला आहे.

पहिला मोगरा कसा गेला ते सांगते, कारण बहुतेकांचा तसाच जातो. ऑक्टोबरात घरात आणला आणि गारठू नये म्हणून खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वरच्या खिडकीत ठेवला. नोव्हेंबरात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी. पानं आणखी गळली, मी आणखी पाणी घातलं, वर शेणखताचा चहासुद्धा पाजला. जानेवारीत कुंडी उलटी करून पाहिली तर मुळं तपकिरी, गिळगिळीत. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. वास तुंबलेल्या मोरीचा. खोली 20 अंशांवर होती, म्हणजे झाड थंडीने मेलंच नव्हतं. मी ते बुडवून मारलं होतं.

खरी अडचण उजेडाची असते. लीड्सला डिसेंबरात दिवस साडेसात तासांच्या आसपास, तोही ढगाळ. एवढ्या उजेडात मोगऱ्याला पुरेसं अन्न करता येत नाही, त्यामुळे तो पाणीही फारसं पीत नाही. न प्यायलेलं पाणी मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशीचंच राज्य. त्यात खालून रेडिएटरची ऊब म्हणजे झाडाला 'ऊठ, वाढ' म्हणायचं आणि ताटात काहीच वाढायचं नाही.

उत्तर मला गावी गेल्यावर मिळालं. तिकडे मोगऱ्याची शेती करणारे हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, ताण देतात, मग छाटणी करून पाणी सोडतात आणि झाड कळ्यांनी फुटतं. इथला हिवाळा हा आयताच मिळालेला लांबलचक ताण आहे असं समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत शून्य. बोट दोन पेरं मातीत घालायचं, आत कोरडं लागलं तरच थोडं पाणी. माझ्याकडे हे तीन आठवड्यांतून एकदा होतं. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावलीत तर आणखी सोपं. जागा घरातली सर्वांत उजेडाची, दक्षिणेच्या खिडकीची, पण रेडिएटरपासून लांब. तापमान 12-15 अंश असलं तरी चालतं, 10च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. पानं गळतील, काड्या उरतील. उरू द्या. नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे.

मार्चमध्ये दिवस मोठा झाला की निम्म्याने छाटा, कुंडीत वरची दोन बोटं माती बदला आणि हळूहळू पाणी वाढवा. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं, त्यामुळे छाटताना हात आखडू नका. मे महिन्यात ऊन बघून मन पाघळतं, पण इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठू शकतं. मी जून लागल्याशिवाय कुंडी बाहेर ठेवत नाही. तेही आधी आठ-दहा दिवस, रोज थोडा थोडा वेळ, सावलीत. घरात वाढलेली पानं एकदम उन्हात नेली तर भाजून कागदासारखी पांढरी होतात. जागा दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला टेकून. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. खत म्हणून टोमॅटोसाठी मिळतं ते द्रवखत पुरतं, त्यात पोटॅश जास्त असतं.

जुलैत पहिल्या कळ्या येतात. गंमत अशी की मोगरा संध्याकाळी उमलणारा, आणि इथे तेव्हा सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही. आमच्याकडे वास यायला अकरा वाजतात. गजऱ्याइतकी फुलं कधी निघाली नाहीत, हे खरं सांगायला हवं. वाटीभर पाण्यात सात-आठ तरंगतील एवढी निघतात.

जास्वंदीचं त्या मानाने सोपं. गार्डन सेंटरमध्ये ठेंगणी, गच्च फुललेली मिळते, पण तिला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. वर्षभराने त्याचा असर गेला की ती खऱ्या अंगाने ताडमाड वाढू लागते, तेव्हा बिचकू नका, मार्चमध्ये छाटा. कळ्या आल्यावर कुंडी हलवायची नाही, नाहीतर कळ्या टपाटप गळतात. घरात आणताना पानांच्या मागे बघा: मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी हे सगळे पाहुणे हीटिंगच्या कोरड्या हवेत खूश असतात. मी आत आणण्याआधी बाथटबमध्ये झाडाला अंघोळ घालते. आणि तुमच्या गणपतीचं गणित इथे छान जुळतं, कारण ऑगस्ट-सप्टेंबर हाच तिचा भर. वर गारव्यामुळे एका दिवसाचं फूल कधीकधी दुसऱ्या दिवशीही टिकतं.

खरेदी करताना पाटी नीट वाचा. 'हिबिस्कस' (जास्वंदीचं इथलं नाव) म्हणून बाहेर बागेत लावायचं झाड मिळतं ते बहुधा 'हिबिस्कस सिरियाकस', दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. कडाक्याची थंडी सोसतं, पण पांढरं, गुलाबी, जांभळट, आपलं लालभडक नाही. तसंच 'स्टार जस्मिन'. ती जाईही नाही नि मोगराही नाही, आपल्या तगरीच्या कुळातली आहे. देठ मोडलात तर चीक येतो. वास मात्र सुंदर, भिंतीवर चढते आणि हिवाळाभर बाहेर राहते. आईंना अगदी दारातच काहीतरी हवं असेल तर हीच लावा. पाटीवर आरएचएसचा, म्हणजे इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम संस्थेचा, झाड किती थंडी सोसतं ते सांगणारा आकडा असतो: एच1 म्हणजे घरात किंवा गरम काचघरात, एच7 म्हणजे उणे 20च्या खालीही जगणारं. मोगरा आणि लाल जास्वंद दोन्ही एच1मधली.

आणि कर्दळ लावा! आपण तिला सांडपाण्याच्या कडेला लावून विसरतो, पण इथे तिचा थाट वेगळाच. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर बागेत तिचे मालक आणि बागकाम-लेखक ख्रिस्तोफर लॉइड यांनी 1990च्या दशकात जुनी गुलाबाची बाग उपटून तिथे कर्दळी, डेलिया आणि केळी लावल्या. गुलाबप्रेमी इंग्रजांना तो धक्काच होता. मी ती बाग पाहिली तेव्हा आजोळच्या मोरीमागची कर्दळ आठवून हसू आवरेना. पहिल्या गोठलेल्या दहिवराने पानं काळी पडली की कापा, कंद काढून जरा ओलसर मातीत गॅरेजमध्ये ठेवा. डेलियाचंही तेच, फक्त तिचे कंद कोरडे ठेवले तरी चालतं.

सोनचाफ्याच्या भानगडीत पडू नका. दोन हिवाळ्यांनी एक पान उरलं होतं माझं.

आईंना सांगा, पिशवीत कलम बांधून आणू नका. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय (झाडाला रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) झाड इथे आणता येत नाही, विमानतळावर जप्त होतं. मोगरा इथेच ऑनलाइन मिळतो, 'जॅस्मिनम सॅम्बॅक' हे पूर्ण नाव घालून शोधा.

त्या नक्की कधी येतायत हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुलैत येणार असतील तर प्रश्नच नाही. नोव्हेंबरात येणार असतील तर आधीच सांगून ठेवा की खिडकीतल्या त्या काड्या मेलेल्या नाहीत, आणि तांब्या वरच्या फडताळात ठेवा. माझा दुसरा मोगरा सासूबाईंच्या मायेने गेला.