काल्पनिक जगातील मादक पदार्थांसाठी नियम कसे लिहावेत?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत स्वतः कल्पिलेला मादक पदार्थ आणायचा झाल्यास त्याने कोणता गुण किती वाढवावा, आणि व्यसन टाळण्यासाठीच्या सेव्हिंग थ्रोचा (बचावासाठी टाकायच्या फाशाचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, किती ठेवावा, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग वाचूनच मी उत्तर लिहायला घेतले. व्यसन लागले की नाही हे फाशाने ठरवावे का, यावरून आमच्या गटात वर्षानुवर्षे वाद चालू आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: तो डीसी असूच नये.

आमच्यापैकी दुसरा डीएम (खेळ चालवणारा) हा माझा जुना मित्र आहे. त्याच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांच्या सलग खेळात) ताकद वाढवणारी एक पूड होती आणि प्रत्येक वेळी ती घेतल्यावर डीसी १५ चा कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) सेव्ह करावा लागे. पाचव्या लेव्हलचा, कॉन्स्टिट्यूशन १८ असलेला ड्वार्फ फायटर (बुटक्या जमातीचा योद्धा) वीस बाजूंच्या फाशावर आलेल्या आकड्यात ७ मिळवतो, शिवाय विषाविरुद्ध त्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) असतो, त्यामुळे तो शंभरात साधारण १२ वेळा चुकतो. कॉन्स्टिट्यूशन १२ असलेला विझार्ड (मांत्रिक) मात्र शंभरात ६५ वेळा चुकतो. झालेही तसेच. ड्वार्फने प्रत्येक लढाईपूर्वी पूड घेतली आणि त्याला काहीच झाले नाही. विझार्डने ती एकदाच, जखमी सोबत्याला दरीतून वर ओढण्यासाठी घेतली, पहिल्याच फाशात तो हरला आणि पुढे त्याचा प्रत्येक फासा डिसॲडव्हांटेजने (दोनांतला लहान आकडा धरून) पडू लागला. ते पात्र खेळणारा मुलगा हळूहळू यायचा बंद झाला. फासे कुणाची बाजू घेत नाहीत, असे माझा मित्र आजही म्हणतो. फाशांनी घेतली नाही हे खरे, परंतु नियमाने घेतली होती, आणि नियम त्याने लिहिला होता.

दुसरे असे की, व्यसनाला विष किंवा रोग मानले की ते एका मंत्राने संपते. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकजवळ (पुरोहिताजवळ) लेसर रिस्टोरेशन हा तसा मंत्र असतो. पाचव्या आवृत्तीच्या मूळ, २०१४ च्या नियमांत पॅलाडिन (धर्मयोद्धा) ले ऑन हँड्स या स्पर्शाने बरे करण्याच्या शक्तीचे ५ गुण खर्चून एक रोग किंवा एक विष घालवतो. ज्या व्यसनापायी पात्राने घर विकले ते दुपारच्या जेवणापूर्वी उतरत असेल, तर ती गोष्ट सांगण्यात अर्थ उरत नाही. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या पहिल्या आवृत्तीने व्यसनाला रोगच मानले, पण निदान त्याला सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या दिल्या. मला खरी दिशा सापडली ती ब्लेड्स इन द डार्क या खेळात. तिथे प्रत्येक पात्राला एक व्यसन असते आणि कामगिरीत साठलेला ताण उतरवण्यासाठी त्याला त्याच व्यसनाकडे जावे लागते. म्हणजे व्यसन ही शिक्षा नसून गरज आहे, आणि गरजेपोटी माणूस निर्णय घेतो.

त्यावरून मी ‘नीजखडा’ रचला. खडीसाखरेच्या दाण्याएवढा काळा खडा जिभेखाली धरला की क्षणात पूर्ण लाँग रेस्टचे (रात्रभराच्या विश्रांतीचे) फायदे मिळतात: सगळे हिट पॉइंट (जीवशक्ती), सगळे स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याच्या संधी). दिवसाला एकच खडा चालतो. ती झोप उसनी असते, म्हणून प्रत्येक खड्यामागे खेळाडूने वाटीतला एक चिंचोका उचलून आपल्या कॅरेक्टर शीटवर ठेवायचा. रात्री झोपताना दोन पर्याय असतात: नेहमीसारखी विश्रांती घ्या आणि चिंचोका तसाच राहू द्या, किंवा काहीही परत न मिळवता झोपा आणि एक चिंचोका वाटीत टाका. शीटवर तीनपेक्षा जास्त चिंचोके असतील, तर ज्या दिवशी खडा घेतला नाही त्या दिवशी वरच्या प्रत्येक चिंचोक्यामागे एक्झॉशनची (थकव्याची) एक लेव्हल लागते. ड्वार्फलाही सूट नाही. लेसर रिस्टोरेशनने त्या दिवसाचा त्रास उतरतो, चिंचोका जात नाही. एल्फ मुळात झोपतच नाही, चार तास ध्यानस्थ बसतो. त्याला हा खडा फक्त कडू लागतो.

माझ्या कॅम्पेनमधल्या विझार्डच्या शीटवर चार चिंचोके असताना खाणीच्या पुलावर लढाई उभी राहिली. तिच्याजवळ एकही स्लॉट शिल्लक नव्हता. पुलापलीकडे बांधलेले खाणकामगार होते, आणि त्यांना हेच खडे देऊन दुहेरी पाळीत राबवले जात होते, हे तिला ठाऊक होते. तिने मला काहीच विचारले नाही. वाटीतून पाचवा चिंचोका उचलला, आधीच्या चारांशेजारी नीट ओळीत ठेवला आणि मग म्हणाली, “फायरबॉल.” कामगार सुटले. त्यानंतर मात्र सगळा गट एका पडक्या धान्यकोठारात लपून राहिला. ती रोज रात्री काहीही परत न मिळवता झोपत होती, ड्वार्फ पहारा देत होता, आणि तेवढ्या काळात खाणमालकाने वेशीवर नवे सैनिक आणले. तिचे कर्ज सगळ्यांनी वेळेच्या रूपाने फेडले. इतका जिवंत खेळ मी क्वचित पाहिला आहे, आणि त्यात व्यसनासाठी एकही फासा पडला नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगतो की, गुण वाढवू नका. ताकद तर एखाद्या जादूच्या पट्ट्यानेही वाढते. नियमांत जी गोष्ट विकत मिळत नाही ती द्या: झोप, विसर, मेलेल्याचा आवाज. किंमत ठरवताना हीलिंग पोशनची (जखमा भरणाऱ्या औषधाची) ५० सुवर्णनाणी हे माप डोळ्यांसमोर ठेवा आणि पहिला खडा त्याहून पुष्कळ स्वस्त ठेवा. तो कोण पिकवतो आणि कुणाच्या गलबतातून जातो हेही लिहून ठेवा. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारावर इथे मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, हे आपल्याला परके नाही.

दोन सूचना आधीच द्यायला हव्या होत्या. एक्झॉशनसाठी २०२४ चे सुधारित नियम वापरा, ज्यांत प्रत्येक लेव्हलमागे वीस बाजूंच्या फाशातून २ वजा होतात. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या लेव्हललाच हल्ले आणि सेव्ह दोन्ही डिसॲडव्हांटेजवर जातात आणि पात्र निकामी होते. आणि कॅम्पेन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला एकांतात विचारा, कारण कुणाच्या घरात खरे व्यसन असू शकते. एकानेही नको म्हटले तर हा विषय काढू नका.

माझ्या मित्राचा आक्षेप असा की, हा जमाखर्च झाला, शरीर काही माणसाच्या ताब्यात नसते. शरीर ताब्यात नसते हे मला मान्य आहे, म्हणून फासा टाकायचाच असेल तर खडा सोडल्यावरचा त्रास किती दिवस टिकेल यासाठी चार बाजूंचा फासा टाका. पुढचा खडा उचलायचा की नाही, हे मात्र खेळाडूकडेच राहू द्या.