येशूला देव का मानतात, आणि 'माझं तारण झालं' म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. येशू थोर गुरू होता, करुणावान होता इथपर्यंत कुणालाही पटेल, पण ख्रिस्ती लोक त्याला थेट देव का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. शिवाय 'माझं तारण झालं', म्हणजे पापातून माझी सुटका झाली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना नक्की काय अनुभव आलेला असतो, हेही. आणि शेवटी एक ओळ: 'मी तीन वर्षं प्रार्थना करतोय, मला काहीच जाणवत नाही.' खरं तर त्या ओळीसाठीच मी लिहायला बसले.

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडलेत. माझ्या बाबतीत ते एका रात्री एकच प्रश्न होऊन समोर आले, म्हणून आधी ते सांगते.

मी ख्रिस्ती घरात जन्मले. लहानपणीच बाप्तिस्मा झाला, वचनं तोंडपाठ, रविवारची उपासना सहसा चुकली नाही. येशू देवाचा पुत्र आहे हे मला पाढ्यासारखं येत होतं, आणि पाढ्याइतकंच त्याचं अप्रूप होतं. पुढे मी एका कंपनीत हिशेब विभागाची प्रमुख झाले. एकदा वर्षअखेरीच्या घाईत माझ्याकडून एक मोठी रक्कम भलत्याच खात्यात दाखवली गेली. चौकशी लागली तेव्हा त्या व्हाउचरवर माझ्या हाताखालच्या एका मुलाचीही सही निघाली. "हे कुणी केलं?" असं साहेबांनी विचारलं. मी गप्प बसले. मी खोटं तर बोलले नाही ना, असं पुढे कित्येक दिवस स्वतःला बजावत राहिले. त्या मुलाची नोकरी गेली. दोन वर्षांनी तो आजारपणात वारला. घरी भेटायला गेले तर त्याच्या आईने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मॅडम, तो तुमचं फार नाव काढायचा. काम तुम्हीच शिकवलं म्हणायचा."

घरी आल्यावर मी हात धुतले, मग परत धुतले. त्यानंतर कितीतरी रात्री झोप नाही.

एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती मायेने म्हणाली, "अगं, होतं असं. तुझ्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते. सोडून दे आता." तिचा जीव तुटत होता माझ्यासाठी. पण ऐकताना लख्ख कळत होतं की हे सोडून देणं तिच्या हातातच नाही. माझ्याकडून जे येणं होतं ते तिचं नव्हतं. ज्याचं होतं तो मातीत गेला होता. मग माफ कोण करणार?

अशाच एका रात्री बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, दुसरा अध्याय वाचत होते. कफर्णहूमातलं घर माणसांनी गच्च भरलेलं. एका पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलंय, पण दाराशीच पाय ठेवायला जागा नाही. मग ते छपरावर चढतात. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उकरलं. म्हणजे मातीचं छप्पर असणार आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळं पडली असणार. त्या भोकातून बाज खाली सोडली जाते. तो माणूस आता उठून चालणार म्हणून सगळे टक लावून बघतायत, आणि येशू म्हणतो, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, मनात म्हणतात, हा असं कसं बोलतो? देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो?

इतकी वर्षं मी त्या शास्त्र्यांना खलनायक समजून वाचत आले होते. त्या रात्री ते मला माझ्याच बाजूचे वाटले. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. मीही तोच विचारत होते. त्या पक्षाघाती माणसाने जन्मात कुणाचं काय वाईट केलं असेल ते असेल, पण या गुरूचं तर काही केलं नव्हतं. मग हा कुठल्या नात्याने माफ करतोय?

एक फरक इथे बघा. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजा आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोला घेतो आणि उरीयाला लढाईत मुद्दाम मारवतो. नाथान संदेष्टा येऊन त्याचं पाप त्याच्या पदरात घालतो, आणि दावीद कबूल झाल्यावर सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. नाथान निरोप्या आहे, निरोप देतो आणि जातो. येशू मात्र म्हणतो की मनुष्याच्या पुत्राला (हे नाव तो स्वतःसाठीच वापरायचा) पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे, हे तुम्हाला कळावं. आणि मग त्या माणसाला म्हणतो, ऊठ, बाज उचल. 'तुमचा गैरसमज झाला, मी फक्त देवाचा निरोप सांगितला' असं म्हणून तो सहज सुटू शकला असता. तसं तो म्हणत नाही.

दाविदाच्या नावावरच्या ५१व्या स्तोत्रात एक ओळ आहे: तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. ही ओळ मला नेहमी खटकायची. मेला उरीया, आणि हा देवाला म्हणतो 'तुझ्याविरुद्धच'? त्या रात्री खटकली नाही. उरीया मेला होता म्हणूनच तर. ज्याला माफ करता येईल असा माणूस उरला नाही की मग कळतं, प्रत्येक अपराधाची दाद शेवटी ज्याच्याकडे लागते असा एकच आहे. येशू तो नसेल, तर त्याचे ते शब्द माझ्या मैत्रिणीच्या शब्दांसारखेच, मायेचे आणि बिनअधिकाराचे. तो तोच असेल, तर मला जायला जागा होती.

मी हिशेबातली बाई. हे सगळं मनाला पटलं तरी नोंद कधीची आहे ते बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. येशूला देव ठरवलं ते कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळात, इ.स. ३२५च्या, ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकेआ परिषदेत, असं तुम्हीही ऐकलं असेल. त्या परिषदेतला वाद वेगळा होता. पुत्र हा निर्माण केलेला, पित्याहून खालचा, असं अरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता. परिषदेने सांगितलं की तो पित्याशी एकतत्त्व आहे. भक्ती तर तोवर कधीचीच चालू होती. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार ट्रेजन सम्राटाला कळवतो की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. ही माहिती मिळवायला त्याने दोन दासींचा छळ केला, तेही त्यानेच लिहून ठेवलंय. ही नोंद विरोधकाच्या हातची आहे, म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते. त्याच्याही मागे जा. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने इ.स. ५५च्या सुमारास करिंथच्या मंडळीला ग्रीकमध्ये पत्र लिहिलं, आणि शेवटी मध्येच अरामी शब्द घातले: मारानाथा, आमच्या प्रभू, ये. ही येशूची स्वतःची बोली, त्याच्या पहिल्या शिष्यांची बोली. मेलेल्या गुरूची आठवण काढतात. त्याला 'ये' म्हणून हाक मारत नाहीत.

आणि हे शिष्य होते यहुदी. 'परमेश्वर एकच' हे त्यांच्या धर्माचं पहिलं वाक्य. माणसाला देव म्हणणं त्यांच्या लेखी सगळ्यात भयंकर पाप. त्यांच्यातलाच थोमा वधस्तंभावर मरून पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवरचे व्रण बघून म्हणतो, "माझा प्रभू व माझा देव!" येशू त्याला गप्प करत नाही.

तुम्ही विचारलंय, तो देव होता तर प्रार्थना कुणाची करत होता? पित्याची. ख्रिस्ती विश्वासात देव एकच, पण त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आणि पुत्र खराखुरा माणूस झाला, त्याला भूक लागली, तो रडला, गेथशेमाने बागेत घाबरा झाला. इ.स. ४५१च्या खाल्केदोन परिषदेने पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य अशी याची मांडणी केली. ती सगळी माझ्या डोक्यात मावते असा माझा दावा नाही. 'अवतार' हा आपला ओळखीचा शब्द याच्या जवळ जातो, पण ख्रिस्ती लोक 'देहधारण' म्हणतात, कारण त्यांच्या विश्वासाप्रमाणे हे एकदाच घडलं, आणि तो देह पुढे टाकून दिला गेला नाही. थोमाने व्रण बघितले ते त्याच देहावर.

आता तारण. हा शब्द मला ऑफिसात रोज दुसऱ्याच अर्थाने भेटायचा: कर्जासाठी ठेवतात ते तारण. आणि पवित्र शास्त्रात इब्री लोकांस पत्रात येशूला चक्क 'जामीन' म्हटलंय. कलस्सैकरांस पत्रात म्हटलंय की आपल्याविरुद्धचा लेख त्याने खोडला आणि वधस्तंभाला खिळला. तिथला मूळ ग्रीक शब्द हातचिठ्ठीचा आहे, कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जपत्राचा. जो स्वतः कर्जात बुडालाय त्याला कुणी जामीन घेत नाही. आणि जामीन राहायचं तर कर्जदाराच्या बाजूला येऊन उभं राहावं लागतं. तो देवही का आणि माणूसही का, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं नव्हतं, ते या एका शब्दातून कळलं.

त्या रात्री मी जमिनीवर बसले आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराचं वाक्य म्हटलं: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." मग त्या मुलाचं नाव घेऊन, काय केलं ते मोठ्याने सांगितलं. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, अंगावर काटाही नाही. एवढंच झालं की वाक्याच्या शेवटी 'पण' आला नाही. 'पण घाई होती', 'पण सही त्याचीही होती', हे माझं नेहमीचं शेपूट. ते गळून पडलं होतं, आणि ते मी गाळलं नव्हतं. मग मी झोपले. सकाळी उठले तेव्हा अपराध तेवढाच मोठा दिसत होता, पण त्याच्याकडे बघता येत होतं.

त्याच आठवड्यात मी कंपनीला लेखी कळवलं. पद गेलं. त्याच्या आईकडे गेले, सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने दार उघडलं आणि दाराशी उभी राहिली. मी निघाले. तिने मला माफ केलेलं नाही, आणि ते मागण्याचा मला हक्कही नाही. 'देवाने माफ केलं' म्हणजे माणसांचं देणं फिटलं, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकू नका. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार येशूला भेटला तेव्हा त्याने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. देवाने आधी घरात घेतलं होतं, म्हणून माझ्यात त्या दारापर्यंत जायचं बळ आलं. क्रम हा असा आहे. इफिसकरांस पत्रात म्हटलंय, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही.

माझ्यासारखंच सगळ्यांना होतं असं मुळीच नाही. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला तारीखवार सांगता आलं: २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमाराला. आणि तेव्हा तो आधीच दीक्षित पाळक होता, समुद्रापलीकडे मिशनकार्य करून आलेला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी आपल्या साक्षीत सांगितलंय. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत तारण ही बाप्तिस्म्यापासून शेवटच्या श्वासापर्यंतची वाट असते, तिथे एका रात्रीवर एवढा भर नसतो. माझ्या ओळखीतल्या एका आजींना कुठलीच तारीख सांगता येत नाही, आणि त्यांच्याइतकी खात्री मी फार थोड्यांत बघितलीय. म्हणून तारखेवरून, अश्रूंवरून कुणाचं तारण मोजू नका. स्वतःचंही नाही.

तुमची ती ओळ. तीन वर्षं काही जाणवलं नाही म्हणजे पलीकडे कुणी नाही, असं मला वाटत नाही. पण एक विचारते, रागावू नका. या तीन वर्षांत तुम्ही अनुभव मागत होता, की त्याला काही सांगत होता? मी आयुष्यभर शांती मागत आले आणि ती एक गोष्ट मात्र कधी उच्चारली नव्हती. तुमच्याकडे अशी गोष्ट असेलच असं नाही. असेल तर तिथून सुरू करा, नावानिशी.

आणि विश्वासच बसत नसेल तर तसंच सांगा. मार्कच्याच नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशू त्याला आधी नीट विश्वास ठेवून ये असं सांगत नाही. मुलाला हाताला धरून उठवतो. मार्कचे सोळाच अध्याय आहेत, दीड-दोन तासांत होतात. एका बैठकीत वाचा, आणि छपरातून ढेकळं पडतात तिथे तुम्हाला काय वाटलं ते मला जरूर कळवा.