व्यापारी राज्य आणि टळलेली युद्धे: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: ऐतिहासिक डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये तलवार म्यानात ठेवून, केवळ व्यापाराच्या बळावर राज्य उभे करता येते का? त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न: मी 'युरोपा युनिव्हर्सलिस फोर'मध्ये गुजरातची सल्तनत घेऊन खेळतो. कुणाचाही मुलूख घ्यायचा नाही, खंबायतच्या व्यापारावरच राज्य गबर करायचे, असे ठरवून सैन्याच्या देखभालीचा खर्च तळाला नेऊन ठेवला आणि वाचलेला सगळा पैसा इमारतींत घातला. काही वर्षे सुखाची गेली, पण मग माळवा आणि बहमनी एकाच वेळी चालून आले आणि होत्याचे नव्हते झाले. या खेळात शांततेने राहताच येत नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: राहता येते, पण शांततेची किंमत तुम्ही चुकीच्या खात्यातून वाचवलीत. देखभालीचा स्लायडर खाली ओढला की कागदावर पलटणी तेवढ्याच दिसतात, मात्र त्यांचे मनोबल ढासळते, आणि युद्ध पुकारले गेल्यावर स्लायडर घाईघाईने वर नेला तरी ते महिन्यामहिन्याने सावकाश भरून येते. तेवढ्या अवधीत शत्रू पहिली लढाई जिंकून राजधानीकडे निघालेला असतो. आसपास कुणी डोळे वटारून पाहत नसेल तेव्हा खर्चात काटकसर जरूर करावी. शेजारी तुमच्या प्रांतावर दावे उभे करू लागला की मात्र हात आखडता घेऊ नये. किल्ल्यांचेही तसेच आहे. आतल्या भागातला किल्ला बंद ठेवून पैसे वाचवणे समजण्यासारखे आहे, पण माळव्याच्या सीमेवरचा किल्ला बंद ठेवणे म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणे होय.

संगणक कुणावर चालून जायचे ते ठरवताना समोरच्याचे आणि त्याच्या मित्रांचे बळ मोजतो, हे ध्यानात घेतले की शांतताप्रिय खेळाडूचे खरे काम कोणते ते स्पष्ट होते: तुमच्यावर हल्ला करणे हा घाट्याचा सौदा आहे, असा हिशेब समोरच्याच्या वहीत मांडला गेला पाहिजे. तुमचा शेजारी ज्याचा हाडवैरी आहे त्याच्याशी मैत्रीचा तह करावा. माळव्याच्या बाबतीत ती जागा अनेकदा मेवाड भरून काढते. मुलूख न घेणाऱ्या राज्याविषयी आसपास रोष साठत नाही, त्यामुळे तुमच्याविरुद्ध संयुक्त आघाडी उभी राहण्याचा धोका नसतो आणि तहाला होकारही सहज मिळतो. आक्रमक खेळाडूला न मिळणारे हे भांडवल तुम्ही वापरलेलेच दिसत नाही. शिवाय तिजोरीत काही गंगाजळी कायम राखून ठेवावी, म्हणजे वेळ आलीच तर भाडोत्री फौज उभी करता येते. व्यापारातून कितीही पैसा आला तरी त्याने महागाई चढत नाही. सोन्याच्या खाणींवर जगणाऱ्या राज्याला ती चढते.

आता उत्पन्नाकडे वळू. घरच्या नोडमध्ये (नोड म्हणजे नकाशावर एकेका भागाचा व्यापार जिथे गोळा होतो ती जागा) व्यापारी बसवला नाही तरी तिथली वसुली होतच असते. म्हणून हाताशी असलेले व्यापारी आधी अशा नोडमध्ये पाठवावेत जिथून माल तुमच्या घरच्या नोडकडे वळवता येतो. घराबाहेरच्या नोडमध्ये बसून वसुली करायची म्हटले तर तिथली तुमची व्यापारी सत्ता निम्म्यावर येते, आणि बहुतेक नवखे खेळाडू नेमके तेच करतात. या खेळात माल ठरलेल्या दिशेनेच वाहतो आणि शेवटी व्हेनिस, जिनोआ किंवा इंग्लिश खाडी या तीन टोकांना जाऊन थांबतो. गुजरात मधल्या वाटेवर आहे, त्यामुळे जो माल तुम्ही अडवून वसूल केला नाही तो पश्चिमेला निघून जाणार. त्यासाठी हलकी जहाजे व्यापाराच्या रक्षणावर तैनात करावीत आणि व्यापारी केंद्र असलेल्या प्रांतांत बाजारपेठ आधी बांधावी. बाकीच्या इमारती मागाहून बांधल्या तरी चालतात.

पोर्तुगीज येईपर्यंत मात्र हलक्या जहाजांवर विसंबून राहू नका. ती पैसे कमावतात, पण मोठ्या लढाऊ जहाजांसमोर टिकत नाहीत, आणि वल्ह्यांच्या गॅलींना अरबी समुद्रात त्यांचा खास फायदा मिळत नाही, कारण तो फायदा बंदिस्त समुद्रांपुरताच आहे. इतिहासातही हेच घडले. 1508 साली चौलजवळ इजिप्तचे मामलूक आणि गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगिजांना हरवले आणि त्यात व्हॉइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडे फिरले, आणि 1534 च्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे गुजरातच्या हातून गेली. तुम्ही ज्या राज्याने खेळता त्याच्याकडेच 1444 साली, म्हणजे खेळ सुरू होतो त्या वर्षी, आपले माहीम होते, एवढे लक्षात असू द्या. ते वाचवायचे असेल तर मोठ्या जहाजांची बांधणी पोर्तुगीज क्षितिजावर दिसण्याआधी सुरू व्हायला हवी.

प्रश्न: 'सिव्हिलायझेशन फाइव्ह'मध्ये मी व्हेनिस निवडते. नवी शहरे वसवता येत नाहीत, म्हणून 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हा व्हेनिसचा खास व्यापारी मिळाला की लगेच एखादे नगरराज्य विकत घेते. सोन्याला तोटा नसतो, तरी शेवटी जागतिक नेत्याच्या निवडणुकीत मते कमी पडतात. असे का होते?
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर: कारण तुमचे मतदार तुम्हीच विकत घेऊन संपवता. विकत घेतलेले नगरराज्य तुमच्या अमलाखालचे शहर बनते आणि जागतिक नेता निवडणाऱ्या सभेपुरते ते नाहीसे होते; मित्र म्हणून स्वतंत्र राहिलेले नगरराज्य मात्र तुमच्या पारड्यात प्रतिनिधी टाकत राहते. माझ्या मते व्हेनिसने एक किंवा फार तर दोन नगरराज्ये विकत घ्यावीत, तीही किनाऱ्यावरची, जिथून जहाजांचा पल्ला नव्या बाजारांपर्यंत पोहोचेल अशी. त्यानंतरच्या व्यापाऱ्यांना व्यापारी मोहिमेवर पाठवावे; त्यातून सोनेही मिळते आणि त्या नगरराज्यावरचा प्रभावही वाढतो.

प्रभाव प्रत्येक फेरीला थोडा थोडा ओसरतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मतदानाच्या कितीतरी फेऱ्या आधी वाटलेले सोने ऐन वेळी वाहून गेलेले असते आणि तुमच्यामागून येऊन दुसरा कुणी वरचढ बोली लावतो. सोने साठवून ठेवावे आणि मतदानाच्या तोंडावर एकदम खर्च करावे. व्हेनिसला इतरांच्या दुप्पट व्यापारी मार्ग मिळतात, त्यामुळे ही ऐपत तुमच्याकडेच असते.

मार्ग कुणाकडे न्यायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो याच गोष्टीला लागून आहे. समुद्रमार्ग जमिनीवरच्या मार्गापेक्षा दुप्पट कमाई देतो, हे सगळे जाणतात. पण मार्गाच्या दुसऱ्या टोकालाही त्यातला वाटा मिळतो आणि युद्ध पुकारले की दोन्हीकडचा मार्ग बंद पडतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. म्हणून सगळी जहाजे सर्वांत फायद्याच्या एकाच बंदराकडे पाठवण्याऐवजी, ज्याच्या हल्ल्याची धास्ती वाटते त्याच्याकडेही दोनएक मार्ग न्यावेत. पोटावर पाय येणार असेल तर माणूस भांडण काढताना जरा विचार करतो, आणि निदान तेवढ्या बाजूने तरी तुम्ही निर्धास्त होता.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की व्यापारी राज्य म्हणजे शांतताप्रिय राज्य, हे खेळांनी रंगवलेले खोटे चित्र आहे. आमच्यात यावरून रोज वाद होतो. खरे काय?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: तुमच्या भावाचे पारडे जड आहे. त्याच व्हेनिसचे उदाहरण घ्या. खेळात तिचा नेता म्हणून जो एन्रिको दांदोलो दाखवला आहे, त्याच्या कारकिर्दीत 1204 साली चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले, आणि त्या लुटीत व्हेनिसचा वाटा मोठा होता. उत्तर युरोपातील हॅन्सा हा तर व्यापारी शहरांचाच संघ, पण डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार आड येऊ लागला तेव्हा या शहरांनी 1368 मध्ये कोपनहेगन घेतले आणि 1370 च्या स्ट्रालसुंडच्या तहात स्कानियाच्या किनाऱ्यावरील किल्ले आणि तिथल्या महसुलाचा दोनतृतीयांश वाटा पंधरा वर्षांसाठी पदरात पाडून घेतला. पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो जवळ नसलेले जहाज पकडले जाई. हाही व्यापारच, फक्त तोफेच्या बळावर चाललेला.

दुसरी बाजूही आहे, आणि ती तुमच्या घराजवळच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. हे व्यापारी राज्यकर्ते नव्हते. घाटवाटा आणि बंदरे सांभाळण्याचे काम सातवाहनांसारख्या राजवटी करीत आणि त्यासाठी जकात घेत. नाणेघाटात आजही दिसणारा दगडी रांजण त्या जकातीसाठीच होता, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे शांततेने व्यापार करणारे लोक होते, पण वाट राखणारा कुणी दुसरा होता. खेळात अडचण अशी की तुम्हाला शेठ आणि राजा या दोन्ही भूमिका एकट्याने कराव्या लागतात, म्हणून निव्वळ शेठजी होऊन खेळणारा तोंडघशी पडतो.

प्रश्न: लढाईचा कंटाळा असलेल्या, पण अशा खेळांची अजिबात सवय नसलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी?
– एक वाचिका, परळ

उत्तर: व्हेनिसपासून नक्कीच नव्हे, एका शहराचे राज्य चालवणे हे मुरलेल्या खेळाडूचे काम आहे. 'सिव्हिलायझेशन सिक्स'मध्ये मनसा मुसाचे माली हे पश्चिम आफ्रिकेतले राज्य घ्यावे. हा तोच राजा, ज्याने 1324 च्या हज यात्रेत कैरोमध्ये इतके सोने वाटले की तिथे सोन्याचा भाव पडला. मालीला इमारती आणि सैन्य बांधायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण वाळवंटाकडे वसलेल्या शहरांतून निघणारे व्यापारी मार्ग भरभरून सोने देतात आणि त्या सोन्याने गोष्टी थेट विकत घेता येतात. पहिला व्यापारी परराज्यात पाठवण्याचा मोह होईल, तो आवरावा आणि त्याला आपल्याच दुसऱ्या शहराकडे पाठवावे: असा मार्ग जिथून निघतो त्या शहराला अन्न आणि उत्पादन मिळते, म्हणजे मालीची नेमकी उणीव भरून निघते, आणि व्यापारी जिथून जातो तिथे आपोआप रस्ता तयार होत असल्यामुळे पुढे रक्षक पलटण हलवायची वेळ आली तर तीही वेळेवर पोहोचते.