पक्षी बघायची सायकल, ऑलिव्ह रंग आणि माझा वाया गेलेला हिवाळा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. सेकंडहँड हायब्रिड सायकल, भडक निऑन रंग, रविवारी पहाटे सोलापूरच्या हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जायचं. म्हणून पुढे बास्केट, मागे कॅरिअर, आणि 'पक्षी बिचकू नयेत' म्हणून फ्रेम सोमवारी ऑलिव्ह ग्रीन पावडर कोटिंगला (रंगाची पावडर मारून भट्टीत भाजतात ते) टाकायची. चार वर्षांपूर्वी नाशकात बसून मी नेमकं हेच ठरवलं होतं. माझी सायकलही अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड, रंगही हाच ऑलिव्ह, फक्त तलावाच्या जागी नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. एका कारखान्यात स्टोअर्सला आहे, सायकल आणि दुर्बीण हे शनिवार-रविवारचे नाद. तुमच्या सायकलचे सुटे भाग वेगळे असू शकतात, तेव्हा जवळच्या जाणत्या माणसाला एकदा विचाराच. सीटची उंची, हेल्मेट, दिवे हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात जात नाही.

पहिली गोष्ट रंगाची. गायबगळे नांगरणीच्या वेळी कुठे असतात? लालभडक ट्रॅक्टरच्या मागे, फाळापासून दोन हातांवर. त्यांना रंगाचं काही पडलेलं नसतं. पक्षी मुख्यतः उडतात ते आपल्या हालचालीने, बोलण्याने, आणि सायकलवाल्यांच्या बाबतीत फ्रीव्हीलच्या टकटकीने. पायडल थांबवलं की मागून टिक टिक टिक सुरू होतं ना, त्याने मी बंधाऱ्यावरची थापट्या बदकं कितीदा उडवलीत याचा हिशोब नाही. कुणी सांगेल फ्रीव्हीलमध्ये जाड ग्रीस भरा, आवाज जातो. जातो खरा, पण आतली कुत्री (चाकाला पकडणारे छोटे खटके) चिकटली तर पायडल रिकामं फिरतं आणि चढावर तोंडावर आपटायची वेळ येते. त्यापेक्षा दोनशे मीटर आधी उतरावं आणि सायकल बांधावर ठेवून चालत जावं. ऑलिव्ह रंग पक्ष्यांसाठी नसतो, आपल्यासाठी असतो. त्यात वाईट काही नाही, मलाही तो आवडतोच. पण मग त्यासाठी किती किंमत मोजायची ते तरी आधी ठरवा.

मी मोजलेली किंमत सांगतो. ओळखीतून अंबड एमआयडीसीतलं एक युनिट गाठलं. नाव विचारू नका. इलेक्ट्रिक पॅनलचे दरवाजे रंगवणारे लोक, आणि ते काम खरंच सुरेख. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, रोज एवढाले दरवाजे निघतात इथून, सायकल म्हणजे काय!" मीही हसलो. चाकं, हँडल, क्रँक, बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ती बेअरिंगं) सगळं उतरवून नुसती फ्रेम घेऊन गेलो होतो. पायडलची दांडी जिथून आरपार जाते त्या शेलची दोन्ही तोंडं उघडी होती. "इथे आटे आहेत, बूच लावून घ्या," असं तोंडी सांगितलं. "हो हो, होऊन जाईल." चलन पुढे आलं, मी सही केली.

आता गंमत बघा. एकोणीस वर्षं मी गेटवर दुसऱ्यांची चलनं तपासतोय. बारीक अक्षरातली ओळ वाचल्याशिवाय माल आत घेत नाही म्हणून ड्रायव्हर लोक मला शिव्या देतात. आणि स्वतःच्या सायकलच्या चलनावर न वाचता सही. खाली छापलेलं होतं: आटे, मापे व फिटिंगची जबाबदारी ग्राहकाची.

आठवड्याने फ्रेम आली. रंग असा की बायकोनेसुद्धा दोनदा बघितलं. घरी बी.बी. बसवायला घेतला, तर त्याचा कप (बेअरिंग धरणारी आटेदार वाटी) दीड फेरा जाऊन थांबला. टॉर्च मारून पाहिलं. आट्यांच्या खाचांत ऑलिव्ह रंग साचलेला, वर शॉट ब्लास्टिंगचे (रंगाआधी फ्रेम घासायला मारतात ते) कण भाजून पक्के झालेले. बूच लावलंच नव्हतं. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. पॅनलच्या दाराला तो काहीच नाही, पण आट्याच्या दोन्ही उतारांवर बसला की कप आत जायला जागाच उरत नाही.

इथपर्यंत फारसं बिघडलं नव्हतं. तिथेच थांबून योग्य टॅप (आटे कापायचं हत्यार) शोधला असता तर तासाभराचं काम होतं. पण मी युनिटला फोन केला. "आणा, टॅप मारून देतो." मी नेली. त्यांनी ती शेजारच्या वर्कशॉपमध्ये दिली, आणि मी चहा प्यायला गेलो. त्या चहाने माझा हिवाळा गिळला.

हे नीट वाचा. आजच्या बहुतेक साध्या हायब्रिडचा बी.बी.चा आटा इंग्रजी मापाचा असतो: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. त्यातही चेनच्या बाजूचा आटा उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवला की घट्ट होणारा. पायडल मारताना बेअरिंग कपाला सैल करायच्या दिशेने ढकलत राहतं, म्हणून ती उलटी सोय. आता १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, आणि इंचाला २४ म्हणजे आट्याचं अंतर एक मिलिमीटरहून जेमतेम जास्त. कुठल्याही टर्नरने व्हर्निअर लावून मोजलं की तो म्हणणार, "पस्तीस बाय एक!" शेजारच्या वर्कशॉपवाल्यानेही तेच म्हटलं. त्याच्याकडे पस्तीस बाय एकचा टॅप होता. त्याने तो दोन्ही बाजूंनी घातला, दोन्हीकडे उजवाच, म्हणजे सुलट्या आट्याचा.

(जुन्या फ्रेंच सायकलींचा बी.बी. अगदी असाच असायचा, ३५ बाय १, दोन्ही बाजू उजव्या. म्हणजे त्या गृहस्थाने माझी सायकल नकळत अर्धी फ्रेंच केली. तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.)

"साहेब, आता मस्त जातंय बघा," म्हणून फ्रेम हातात दिली. मस्त जात होतंच. चेनच्या बाजूला कप बोटाने आत जायचा आणि घट्ट करायला गेलं की नुसता गरगर फिरायचा. उलट्या आट्यांवर सुलटे आटे कापले गेले होते. अ‍ॅल्युमिनियम मऊ, धरायला काही शिल्लकच नाही.

युनिटवर तीन चकरा मारल्या. पहिल्या वेळी "मालक नाहीत". दुसऱ्या वेळी "टॅप आम्ही मारला नाही, शेजाऱ्यांनी मारला". शेजारी म्हणे, "आम्हाला त्यांनी सांगितलं म्हणून मारला". तिसऱ्या वेळी मालक भेटले आणि त्यांनी शांतपणे ते चलन माझ्यासमोर ठेवलं. माझी सही, माझंच अक्षर. त्यांचं चुकलं नव्हतं असं नाही, पण माणूस एकदा "सॉरी" म्हणाला असता तर मी पैसेही मागितले नसते. आपल्याकडे जॉबवर्क म्हणजे माल तुमचा, नुकसान तुमचं, आणि वर दर फेरीला गेटवर नाव-गाव-वेळ लिहा. असो, जाऊ दे. हे लिहितानाही बीपी वाढतंय.

शेवटी पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने शेलमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही दोघांनी दोन्हीकडून चावलीये." उपायही त्यानेच सांगितला: थ्रेडलेस बी.बी. यात शेलच्या आट्यांची गरज लागत नाही, दोन बाजूंचे भाग आतूनच एकमेकांत पिळून शेलला आवळून धरतात. तो मागवला, यायला सहा आठवडे. नोव्हेंबरच्या मध्यावर रंगासाठी खोललेली सायकल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावर आली. कोटिंगच्या दुप्पट पैसे दुरुस्तीत गेले त्याचं एवढं नाही. चक्रवाक, तलवार बदक यांचा सगळा हंगाम मी गच्चीवरून कावळे बघत काढला.

तरीही रंगच करायचा असेल, तर माझं मत (मत आहे, नियम नाही): बूच त्यांच्यावर सोडू नका. एखादा जुना, निकामी बी.बी. मिळवा, त्याचे धातूचे कप घासलेटने धुऊन ग्रीसचा थेंबही न ठेवता दोन्हीकडून स्वतः पिळून बसवा आणि मगच फ्रेम द्या. धातूचेच हवेत. पुष्कळ बी.बी.चा डावा कप प्लॅस्टिकचा असतो आणि भट्टी १८० ते २०० अंशांची. हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या) वाट्या जिथे ठोकून बसतात ती जागा, सीटपोस्ट जातो त्या नळीचं तोंड, आणि मागचा गिअर लटकतो त्या हँगरचं भोक हेही झाकलेलं हवं. पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बरवाला फोर्क चुकूनही देऊ नका, भट्टीत त्याची सिलं आणि रबरं संपतील. रंग मनासारखा आला नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पुन्हा पुन्हा भाजू नये, असं जाणकार सांगतात. आणि शेलच्या खालच्या बाजूला कोरलेल्या फ्रेम नंबरचा आधी फोटो काढा. माझा नंबर रंगाखाली बुजलाय. उद्या चोरीची तक्रार द्यायची झाली तर काय सांगणार, "ऑलिव्ह ग्रीन आहे"?

चलन वाचा, हे मी वेगळं सांगायला नको.

आता बास्केट. पुढच्या बास्केटमध्ये कॅमेरा ठेवणार असं तुम्ही लिहिलंय. नका ठेवू. हँडलवरचं वजन हँडलबरोबर वळतं. चालवताना सवय होते, पण सायकल स्टँडवर लावली की पुढचं चाक गर्रकन फिरतं आणि सायकल त्याच बाजूला आडवी. माझी दुर्बीण अशीच पडली. काचा शाबूत, पण त्यानंतर एका बगळ्याचे दोन बगळे दिसायला लागले. बास्केटमध्ये पाण्याची बाटली, टोपी, पेरू, डबा. कॅमेरा आणि लांब लेन्स पाठीवरच्या सॅकमध्ये, कमरेचा पट्टा लावून. खडबडीत रस्त्याचे धक्के आपलं अंग खातं, कॅरिअर खात नाही. कॅरिअरवर लेन्सचे बारीक स्क्रू सुद्धा सैल होतात. स्कोपचा ट्रायपॉड मात्र कॅरिअरवर खुशाल बांधा, आणि तो जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीच. दूधवाले किटल्या बांधतात ना, तसा. बाजारातल्या रंगीत हुकच्या दोऱ्यांवर माझा विश्वास नाही. एक हुक सुटून माझ्या चाकाच्या तारांत गेला होता.

कॅरिअर घेताना मागच्या बाजूला पाच मिलिमीटरच्या बोल्टची भोकं आहेत का बघा. नसतील तर पट्टीचे क्लॅम्प मिळतात, फ्रेमला ड्रिल मारू देऊ नका कुणाला. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कसाठीचंच कॅरिअर, नाहीतर कॅलिपरला अडतं. बाजूची पिशवी लावलीत तर टाच लागते का ते दुकानातच पायडल मारून बघा.

सोलापूरकडे काळी माती म्हणून एक खास. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर तरी फट ठेवा. पहिल्या पावसानंतर बांधावरून दहा पावलं गेलात की ती माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही, आणि सायकल खांद्यावर घेऊन परत यावं लागतं. पावसाळ्यात मी पुढचं मडगार्ड सरळ काढून ठेवतो. कपडे रंगतात, रंगू देत. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत लायनर घाला. मी जुनी ट्यूब उभी चिरून घालतो, वजन वाढतं पण महिनोन्‌महिने पंक्चर नाही. आणि स्टँडच्या पायाखाली ठेवायला डब्याचं एक पत्र्याचं झाकण बास्केटमध्ये टाका. मऊ जमिनीत स्टँड रुतून सायकल पडते, त्याला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

घंटी मी जुनीच ठेवलीय, अंगठ्याने वाजवायची ट्रिंग ट्रिंगवाली. तलावावर वाजवायची नाही, गावातून जाताना पोरांसाठी.

तर सोमवारी कोटिंगवाल्याकडे जायच्या आधी सायकल उलटी करा, क्रँक जिथे बसतो त्या शेलचा खालून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून इथे टाका. कपावर काही आकडे कोरलेले दिसले तर तेही लिहा. कोणता बी.बी. आहे ते ओळखून सांगतो, माझ्याकडे जुने कप पडलेत, ते जमले तर कुरिअर करतो. आणि हिप्परग्याला यंदा चक्रवाक आले का, तेही कळवा.